माझ्या दुकानातले शब्द

जुन्नरच्या एसटी स्टँडपासून थोडं पुढं माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरून द्यायच्या, हा धंदा. नववीत शाळा सुटली आणि मी एका मिस्त्रीच्या हाताखाली तार गुंडाळायला बसलो. पुढं स्वतःचं दुकान टाकलं. पण आपल्याला इंग्रजी येत नाही असं मला कधी वाटलं नव्हतं. फेज, लोड, करंट, बेअरिंग, शाफ्ट, अर्थिंग, दिवसभर तोंडात इंग्रजीच. टेम्पोतून मोटर उतरवता उतरवता शेतकरी विचारायचा, "काय झालं असंल, भाऊ?" मी नुसता वास घ्यायचो आणि सांगायचो, "एक फेज गेला व्हता. लोडवर जळली." तो डॉक्टरसमोर उभा राहावा तसा मान हलवायचा.

बायको आंबेगावच्या पश्चिमेकडची, डोंगरातली. माहेरी भात आणि नाचणीची शेती. ती बारावी झालेली. लग्नात माझ्या मावशीनं सगळ्यांदेखत म्हटलंही होतं, "पोरगी नवऱ्यापरीस जास्ती शिकल्याली हाय." मला ते कधी टोचलं नाही. टोचणार कसं? तिची ती बारावी घरात कशाच्या कामालाच येत नव्हती.

मग तिच्या माहेरच्या बायकांनी बचत गट काढला. हातसडीचा तांदूळ आणि नाचणीचं पीठ पुण्याला पाठवायला लागल्या. पुण्यातली एक कंपनी त्यांचा माल बाहेरदेशी धाडायचं म्हणत होती, पण त्यांचं सगळं इंग्रजीत. एक दिवस ही भाकरी थापता थापता म्हणाली, "बाया म्हणत्यात, तूच बोल त्या लोकांशी."

"मग बोल की."

"अहो, इंग्रजीत बोलायचंय. बाजारपेठेत क्लास हाय बायकांचा. जाऊ का?"

मी म्हणालो, "जा." तेव्हा मला वाटलं, चार दिवसांत कंटाळेल.

क्लास कापडाच्या एका जुन्या दुकानाच्या माडीवर भरायचा. दुकान मारवाडी जैनांचं, पण कितीतरी पिढ्या जुन्नरात गेलेल्या, बोलणं आपल्यासारखंच. त्या घरातला धाकटा भाऊ आधी पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवायचा, तो आता गावी परत येऊन संध्याकाळी क्लास घेत होता. सगळा बाजार त्याला शेठ म्हणायचा. आमची ही पहिल्याच आठवड्यात सर म्हणायला लागली.

त्या आठवड्यात तिनं जेवताना मला विचारलं, "अहो, फेज म्हंजे काय?"

मला बरं वाटलं. मी भाकरी बाजूला ठेवून सांगायला लागलो, "फेज तीन असतात. लाल, पिवळा, निळा..."

"तसं न्हाई. चंद्राच्या कला असतात ना, त्यांना बी फेज म्हणतात. अन् माणसाच्या जन्मात एखादा काळ येतो अन् निघून जातो, तो बी फेज."

"सरांनी सांगितलं?"

"व्हय. त्यांनी इचारलं, हा शब्द कुणी ऐकलाय का. मी म्हणलं, आमच्या मालकांच्या दुकानात रोज ऐकते. सगळ्या हसल्या."

"हसल्या कशाला?"

"अहो, चांगलं हसल्या."

चांगलं हसणं कसं असतं ते मला कळलं नाही. वीस वर्षं जो शब्द मी तोंडात घोळवला, त्याचा चंद्राशी काही संबंध असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिला ते एका संध्याकाळी एका पांढऱ्या शर्टाच्या माणसानं सांगितलं होतं.

मग ते रोजचंच झालं. करंट म्हणजे नदीचा प्रवाह, आणि करंट म्हणजे सध्याचं, चालू. मोटरीच्या शाफ्टवर बसतो तो बुश म्हणजे झुडूप. मोटर चालू करायचा स्टार्टर म्हणजे हॉटेलात जेवणाच्या आधी मागवतात ते. शॉर्ट म्हणजे बुटका. मी म्हणालो, "आमच्यात शॉर्ट झालं की मोटर जळती. बुटक्या माणसानं काय जळतंय?" ती खूप हसली. पण दुसऱ्या दिवशी तिनं तेही क्लासात सांगितलं, आणि सरही खूप हसले म्हणे. मला वाटलं, मी घरात बोललेली गोष्ट त्या माडीवर कशाला न्यायची?

अर्थिंगला आम्ही नुसतं 'अर्थ' म्हणतो. अर्थची तार जमिनीत सोडायची, म्हणजे माणसाला धक्का बसत नाही. ती म्हणाली, "अर्थ म्हंजे पृथ्वी. अन् नुसती माती बी." मी म्हणालो, "अन् मराठीत?" ती थांबली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "अहो, हे सरांना सांगितलंच पायजे!"

तिचा चेहरा माझ्या बोलण्यानं उजळला होता. पण ती धाव घेत होती दुसरीकडं.

एवढ्यात एक दिवस शेठच दुकानात आला. त्यांच्या घरची पाण्याची मोटर जळली होती. हमालानं ती बाकड्यावर ठेवली. शेठ दारातच उभा राहिला, कारण आत सगळीकडं वार्निश सांडलेलं. मी त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. चाळिशी उलटलेला, केस मागं वळवलेले, हात स्वच्छ. उभा असा राहिला की जणू सगळं दुकान त्याच्यासाठीच थांबलंय. त्याच आठवड्यात हिनं सांगितलं होतं की बेअरिंगचा दुसरा अर्थ माणसाची उभं राहायची, वागायची ढब. मला तेव्हा पटलं नव्हतं. आता समोर पाहिलं आणि पटलं. आणि पटलं म्हणून जास्तच राग आला.

"भाऊ, तुमच्या मिसेस फार हुशार आहेत," तो म्हणाला. "सगळ्या क्लासमध्ये त्यांच्यासारखं विचारणारं कुणी नाही."

"घरी बी विचारते," मी म्हणालो.

"तुम्हीही या ना एकदा."

"मला कुठं वेळ, शेठ."

तो गेल्यावर मी ती मोटर उघडली. इतका जीव लावून मी आजवर कुणाची मोटर भरली नव्हती. एकेक फेरा चापून बसवला, वार्निश दोनदा दिलं. पुन्हा कधी ती जळू नये आणि त्याचा पाय पुन्हा माझ्या दुकानाला लागू नये, एवढंच मनात होतं.

थोड्या दिवसांनी संध्याकाळी ती ओट्याशी लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "आज सरांनी दोन शब्द सांगितले, एन्व्ही अन् जेलस. आपण दोन्हीला जळणंच म्हणतो. पण त्यांच्यात फरक हाय."

"काय फरक?"

"दुसऱ्याकडं हाय अन् आपल्याकडं न्हाई, म्हणून जळणं, ते एन्व्ही. अन् आपलं हाय ते दुसरा कुणी नेईल, म्हणून जळणं, ते जेलस."

मी तिच्याकडं पाहिलं. ती लसूणच सोलत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. सहज सांगितलं की मुद्दाम, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी विचारलं, "अन् दोन्ही एकदम असलं तर?"

"तसं सरांनी न्हाई सांगितलं," ती म्हणाली.

पावसाळा संपता संपता त्या कंपनीची माणसं माल बघायला तिच्या माहेरी येणार असं ठरलं. बरोबर एक परदेशी बाई होती. गावातल्या नाचणी दळायच्या गिरणीची मोटर मीच भरलेली, ती त्या दिवशी बंद पडायला नको म्हणून मलाही जावं लागलं. खरं सांगायचं तर मोटरीला काही होणार नव्हतं. मला बघायचं होतं.

अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. सासुरवाडीच्या बायका नव्या साड्या नेसून भिंतीला टेकून बसल्या होत्या. गोरी बाई आली, हात जोडले आणि सगळ्यांकडं बघत तिनं विचारलं, "हू इज इन चार्ज हिअर?"

मला चार्ज तेवढं कळलं. मी गिरणीकडं पाहिलं. आमची ही उभी राहिली आणि म्हणाली, "आय ॲम."

मग बराच वेळ दोघी बोलत होत्या. ही मधे अडायची, हातानं दाखवायची, पुन्हा सुरू करायची. मधेच त्या बाईनं विचारलं, "व्हॉट डू यू चार्ज?" पुन्हा चार्ज. हिनं तांदळाच्या पोत्याला हात लावून काहीतरी सांगितलं. बाईनं मान डोलावली, कंपनीच्या माणसानं लिहून घेतलं. माझ्या शेजारी बसलेली चुलत सासू कानाशी लागली, "पावणं, काय म्हणत्यात ओ?"

"दराचं चाललंय," मी अंदाजानं ठोकून दिलं.

शेवटी बाईनं आपला फोन वर करून दाखवला आणि पुन्हा तोच शब्द उच्चारला. या वेळी हिनं माझ्याकडं वळून पाहिलं. सगळ्या अंगणातून मला शोधलं. माझी छाती भरून आली.

"अहो, बाईंचा फोन जरा चार्जिंगला लावता का?"

मी फोन घेतला आणि गिरणीच्या बोर्डाला लावला. बाई हसून मला थँक्यू म्हणाली. मी वेलकम म्हणालो. तेवढं मला येत होतं.

मोटरसायकलवरून परत निघालो. घोडेगाव मागं पडलं. मग न राहवून विचारलं, "त्या बाईनं सारखं चार्ज चार्ज काय लावलं व्हतं?"

ती मागून कानाशी येऊन सांगायला लागली, "पहिला जबाबदारीचा. दुसरा दराचा. तिसरा तुमचा, लाइटीचा. अजून बी हायत. कोर्टात आरोप ठेवतात, तो बी चार्ज. बैल अंगावर धावून येतो, तो बी चार्ज."

"शेठ यायला पायजे व्हता आज. बघितलं असतं त्यानं, त्यानं शिकवल्यालं कसं उपयोगी पडलं."

ती मागं सरकली. मग ती म्हणाली, "शब्द त्यांनी शिकवले. बोलले मी."

घर येईपर्यंत मी रस्त्याकडं बघत गाडी चालवली.

कंपनीनं माल घेतला. पुढच्या हिवाळ्यात पुण्यात बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथं यांच्या गटाला गाळा मिळाला. ही दोन बायकांना घेऊन गेली. मुलगा शिकायला बाहेरगावी, त्यामुळं घरात मी एकटाच. पहिल्या दिवशी मजा वाटली, भेळ आणून खाल्ली. दुसऱ्या दिवशी घर खायला उठलं. दुकानात बसलो तरी हात चालेना. एका गिऱ्हाइकाला मी दोनदा तेच विचारलं, तो म्हणाला, "भाऊ, बरं हाय ना?"

तिसऱ्या दिवशी दुपारी फोनवर तिचा निरोप आला. इंग्रजीत. आय मिस यू.

मिस मला माहीत होता. मिस कॉल. गाडी मिसिंग मारते तो मिस. पण इथं तो बसेना. एरवी कुणालाही वाटलं असतं, चालत बाजारपेठेत जावं आणि शेठला विचारावं. मी मेलो असतो पण तिथं गेलो नसतो. फोनमध्येच शोधलं. चुकणे. नेम हुकणे. गैरहजर असणे. कुमारी. आणि सगळ्यांच्या खाली, उणीव भासणे.

आणि पहिला विचार काय आला असेल माझ्या डोक्यात? हे दुसऱ्या कुणाला जायचं होतं आणि चुकून मला आलं.

मी फोन लावला. "हे तू मला धाडलंय का?"

"मग कुणाला?" मागं गर्दीचा गलका होता.

"इंग्रजीत कशाला?"

मागचा गलका कमी झाला, ती बाजूला गेली असावी. मग हळू आवाजात म्हणाली, "मराठीत लाज वाटती ओ."

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं असलं काही म्हटलं नव्हतं. मीही नाही. जे मराठीत तिच्या ओठांवर आलं नाही ते त्या परक्या भाषेनं तिच्याकडून सहज काढून घेतलं, याचा मला हेवा वाटला. माणसाचा वाटला नाही इतका त्या भाषेचा वाटला. मी दुकानाच्या मागं, भंगार तारांच्या ढिगाशी गेलो आणि म्हणालो, "मला बी हितं करमत न्हाई."

"काय म्हणालात? आवाज येत न्हाई."

"करमत न्हाई म्हणलं!" मी ओरडलोच. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

ती हसली. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी इंग्रजीत हाक मारली, पुरुषाचा आवाज. "कमिंग, कमिंग," ती म्हणाली, आणि मला, "ठेवते हं, गिऱ्हाईक आलंय."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं आणि सकाळच्या एसटीनं पुण्याला गेलो. प्रदर्शनात विचारत विचारत गाळा शोधला. ती एका जोडप्याला नाचणीचं पीठ दाखवत होती. मला बघून दचकली, आणि मग त्यांना म्हणाली, "माय हज्बंड." त्या दोघांनी माझ्याशी हात मिळवला. हातावरचे वार्निशचे डाग मी खिशाला पुसले, पण ते काही जात नाहीत.

"कशाला आलात ओ, दुकान सोडून?" ती कुजबुजली.

"आलो," मी म्हणालो.

"मग बसा हितं. पिशव्या भरायला माणूस कमीच हाय."

मी बसलो. संध्याकाळपर्यंत ती बोलत होती आणि मी पीठ भरत होतो. काही बायका यायच्या, काही पुरुष. पुरुषांशी ती जरा जास्तच हसून बोलते असं मला वाटत होतं, आणि त्यांच्या पिशव्यांची तोंडं मी जरा जास्तच आवळून बांधत होतो.