मंदारचे दुष्परिणाम

आमच्या मंदारचं लग्न एका औषधामुळे जमलं. ते औषध आमच्या घरात कुणीही घेतलेलं नाही, आणि ते कशावर घेतात हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

मंदार माझा धाकटा भाऊ. तो इंग्लंडात बेसिंगस्टोकला राहतो. मी आणि माझी बायको शुभदा रीडिंगला. गेल्या उन्हाळ्यात आमचे वडील, म्हणजे नाना, नाशिकहून आमच्याकडे राहायला आले. आई जाऊन बरीच वर्षं झाली. नानांना इथे करमावं म्हणून अमेरिकेतल्या माझ्या आतेभावाने, विनायकने, टीव्हीवर कसलंसं ॲप लावून दिलं. त्यात तिकडच्या बातम्या दिसायच्या. (निवृत्त मराठी माणसाला स्वतःच्या गल्लीतल्या गटारापेक्षा अमेरिकेच्या राजकारणाची काळजी जास्त असते, हे विनायक जाणून होता.) पण बातम्या राहिल्या बाजूला. नानांना सापडल्या जाहिराती!

इथे विलायतेत टीव्हीवर सोफ्यांचा सेल, गाडीचा विमा आणि ग्रेव्ही एवढंच विकतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत अशा औषधांची जाहिरात करायला इथे मनाई आहे. अमेरिकेत मात्र मोकळं रान. नानांनी पहिली पाहिली ती झुबलेक्साची. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ तळ्यात होडी वल्हवतायत. त्यांची बायको काठावर उभी राहून हात हलवतेय. सोनेरी कुत्रा चेंडूमागे धावतोय. आजार कोणता, ते शेवटपर्यंत कळत नाही; ‘मध्यम ते तीव्र’ एवढंच ऐकू येतं. मग एक गोड आवाज एका दमात सांगायला लागतो: चक्कर येणं, तोंड कोरडं पडणं, विचित्र स्वप्नं, जुगार खेळण्याची इच्छा, आणि क्वचित प्रसंगी मृत्यू. ‘मृत्यू’ म्हणताक्षणी कुत्र्याने चेंडू झेलला!

“काय निर्लज्ज लोक आहेत!” मी रिमोट शोधत ओरडलो. “माणूस मरतोय आणि कुत्रा खेळतोय!”

नानांनी हात जोडले होते. टीव्हीला.

“धन्य आहे,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

इथे नानांची पार्श्वभूमी सांगायला हवी. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभी हयात त्यांनी दुकानादुकानांतून लोकांचे तराजू तपासण्यात घालवली. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, आतून पोखरलेली वजनं, तळ ठोकून वर घेतलेली तेलाची मापं, असलं सगळं पाहिलेला माणूस!

“श्रीकांत,” नाना म्हणाले, “मला आयुष्यात एक दुकानदार भेटला नाही, जो आपणहून म्हणाला असेल की साहेब, माझ्या मालात ही ही खोट आहे. आणि हा माणूस बघ! माल विकतोय, आणि वर सांगतोय की मराल! हसत सांगतोय!”

“नाना, कायद्याने सांगावं लागतं त्यांना.”

“कायदा आमच्याकडेही होता. चिंच निघाली का?”

मी रिमोट शोधायचं सोडून दिलं.

तेव्हापासून आमच्या घराचं वेळापत्रक उलटंपालटं झालं. बातम्या लागल्या की नाना चहा टाकायला उठायचे आणि जाहिराती लागल्या की स्वयंपाकघरातून ओरडायचे, “आवाज वाढव!” विनायकने फोनवर परोपरीने समजावलं. “मामा, अहो इथे अख्खा देश वैतागलाय या जाहिरातींना! जेवायला बसलं की पोट साफ होण्याचं औषध! लोक टीव्हीला शिव्या देतात.”

“पिकतं तिथे विकत नाही,” नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांना सगळ्यात जास्त आवडायचा तो शेवटचा उपदेश. झुबलेक्सा आपल्यासाठी योग्य आहे का, ते डॉक्टरांना विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते अचानक बंद करू नका. “किती जबाबदारीने बोलतात!” नाना म्हणायचे. आमच्या पिढीने ‘डॉक्टरांना विचारा’ हे कानाआड केलं, पण नानांच्या पिढीला कुणी विचारा म्हटलं की ती विचारते.

आणि त्यांनी विचारलं! माझ्या रक्तदाबासाठी जीपीची, म्हणजे इथल्या सरकारी फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी मिळाली होती. नाना ‘नुसते सोबतीला’ आले. डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं तपासलं आणि शेवटी इथल्या रीतीप्रमाणे विचारलं, “एनिथिंग एल्स?”

“येस,” नाना म्हणाले. “इज झुबलेक्सा राइट फॉर माय सन?”

बाईंनी कॉम्प्युटरवर शोधलं, पण सापडलं नाही. मग माझ्याकडे पाहिलं. हे औषध कशासाठी हवंय, असं त्यांनी हळूच विचारलं.

“दॅट दे डोन्ट टेल,” नाना अदबीने म्हणाले. “बट हिज प्रॉब्लेम इज मॉडरेट टू सिव्हिअर.”

बाईंनी माझा रक्तदाब पुन्हा मोजला. तो वाढला होता!

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण मधे आला मंदारच्या लग्नाचा प्रश्न. मंदार पस्तिशीला टेकलेला. चार-पाच स्थळं येऊन गेलेली. त्या वर्षी मात्र महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्याला लंडनजवळच्या पिनरच्या देवधरांची सायली भेटली. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली, वकील. दोघं कॉफीला भेटू लागली आणि आमचा मंदार, जो आयुष्यात स्वतःहून कधी इस्त्री करत नसे, तो मोज्यांना इस्त्री करू लागला. हे जमलं नाही तर पोरगा कोलमडेल, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

अडचण एकच होती. बघण्याच्या कार्यक्रमाच्या बरोब्बर महिनाभर आधी मंदारची नोकरी गेली. इथे कायम राहण्याचा परवाना होता म्हणून निभावलं, एवढंच.

पिनरला जाताना गाडीत मंदार म्हणाला, “दादा, नोकरीचं सांगून टाकू ना त्यांना.”

“वेडा आहेस का?” मी म्हणालो. “अजून पोहेसुद्धा खाल्ले नाहीत आपण! पुढच्या महिन्यात लागेल तुला नोकरी. लग्नाच्या बोलणीत थोडं सजवून सांगावंच लागतं. तू गप्प बस, मी बोलतो.”

“सजवून म्हणजे जाहिरात?” मागच्या सीटवरून नानांनी विचारलं.

“जाहिरातच म्हणा हवं तर.”

“बरं,” नाना म्हणाले, आणि पिनर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ती त्यांची संमती आहे असं मला वाटलं. (शुभदाला तसं वाटलं नव्हतं. ती नंतर म्हणाली की नाना ओठ हलवून काहीतरी पाठ करत होते.)

देवधरांनी ‘जस्ट चहाला या’ असं म्हटलं होतं. पण वर ओलं खोबरं पेरलेले पोहे आले, तेव्हा कार्यक्रम कोणता आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही. देवधर शांत, मोजकं बोलणारे. देवधरबाई हसतमुख, पण नजर तपासनिसाची. सायली मंदारसमोर बसलेली. आणि गालिच्यावर त्यांचा कुत्रा, नाव बिस्किट. रंग सोनेरी. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं!

मी सुरुवात केली. “मंदार म्हणजे अगदी शांत स्वभाव. पहाटे उठून पळतो. स्वयंपाकाची भारी आवड. आणि ऑफिसात तर त्याच्याशिवाय पान हलत नाही!” (पान हलत होतं. महिन्यापूर्वी त्यांनी फांदीच छाटली होती.) मी होडी वल्हवत होतो म्हणा ना. देवधरबाई मान डोलावत होत्या. आता फक्त कुंडल्यांवर गाडी यायची बाकी होती.

तेवढ्यात नानांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

“श्रीकांत, तू जरा त्या कुत्र्याशी खेळ.”

“आत्ता?”

“आत्ता. आणि हसत खेळ.”

बापाने सांगितलं की ऐकायचं, ही आमच्या घरची शिस्त. मी, एका आयटी कंपनीतला बऱ्यापैकी वरचा माणूस, इस्त्रीची पँट घालून गालिच्यावर बसलो आणि लाळेने भिजलेला चेंडू हातात घेतला. हसलोही. नानांनी चेहऱ्यावर ते जाहिरातीतलं गोड हसू आणलं आणि एका दमात सुरू केलं:

“मंदार सुरू केल्यावर पुढील त्रास संभवतात. घोरणं, मध्यम ते तीव्र. सकाळचा पहिला चहा होईपर्यंत वाचा बंद. पलंगावर ओला टॉवेल. भारत मॅच हरल्यास भूक मंदावणं, जिंकल्यास शेजाऱ्यांना उपद्रव. स्वयंपाकाची आवड म्हणजे खाण्याची. पहाटे पळायचा तो ट्रेन चुकायची म्हणून, हल्ली तेही नाही, कारण गेल्या महिन्यात त्याची नोकरी गेली.”

‘गेली’ म्हणताक्षणी बिस्किटने चेंडू झेलला.

“दुसरी शोधतोय. मिळेल असं मला वाटतं, पण वाटणं म्हणजे माप नव्हे. सुरू करण्यापूर्वी आईवडिलांचा सल्ला घ्यावा. एकदा सुरू केल्यावर अचानक बंद करू नये.”

नानांनी श्वास घेतला आणि बशी उचलून पोहे खाऊ लागले.

बिस्किट धापा टाकत होता. मंदारचा चेहरा पांढराफटक. शुभदा छताकडे पाहत होती. माझा एक हात कुत्र्याच्या तोंडात होता आणि चेहऱ्यावर ते हसू तसंच राहून गेलं होतं. पोराचं लग्न मोडलं! नानांनी आपल्या हातांनी मोडलं!

“नानांची आपली गंमत असते हं,” मी खालून म्हणालो.

देवधरांनी नानांकडे पाहिलं. “गंमत आहे का?”

“नाही,” नाना म्हणाले.

तेव्हा सायली बोलली. “बाबा, मला माहिती आहे. मंदारनी मला सांगितला होता. ज्या दिवशी जॉब गेला ना, त्याच दिवशी. स्नोरिंगचा पण सांगितला. टॉवेलचा न्यू आहे.”

“सॉरी, दादा,” मंदार पुटपुटला. “तू चिडशील म्हणून तुला बोललो नाही.”

म्हणजे सगळी फसवाफसवी मी एकट्याने, एकट्याच्या बळावर चालवली होती!

“तुला माहीत होतं, मग आम्हाला का नाही सांगितलंस?” देवधरबाईंनी लेकीला विचारलं.

“मला बघायचं होतं की हे लोक स्वतः सांगतात का,” सायली म्हणाली. ती नानांकडे पाहून हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ती वकील आहे हे मी आधीच सांगितलंय.

देवधर उठले. आता दार दाखवतात, असं मला वाटलं. पण ते नानांसमोर गेले आणि वाकून त्यांनी नमस्कार केला.

“साहेब, आजवर स्थळं खूप पाहिली. सगळे हिरेच निघाले. एकालासुद्धा डाग नव्हता, म्हणून आम्हाला एकही घ्यायचा धीर झाला नाही. खोट दाखवून माल देणारे तुम्ही पहिले.”

नानांचा चेहरा तेव्हा कसा झाला, ते मला लिहिता येणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासलेल्या माणसाच्या हातात कुणीतरी प्रथमच खरं माप ठेवलं होतं. मी गालिच्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहिलो. याच माणसाचा मुलगा मी, आणि इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून मला फक्त होडी वल्हवता आली, याचं मला मोठं आश्चर्य वाटलं.

“मग आता आमच्या सायलीचंही सांगते,” देवधरबाई पदर सावरून बसल्या.

“आई, नो!”

“श्रीकांत,” नाना म्हणाले, “चेंडू टाक.”

सायलीचे दुष्परिणाम सुरू होते तेवढा वेळ मी चेंडू टाकत होतो. दमलो, पण हसत होतो; नानांची सक्त ताकीद होती. निघताना पेढे वाटले गेले. मला पेढा देताना देवधरबाईंनी आधी हात धुऊन यायला सांगितलं.

परतताना मंदार मागे झोपला. घोरणं तीव्र. गाडी एम-पंचवीस महामार्गावर रखडलेली. शुभदा म्हणाली, “नाना, माझ्या वेळी का हो नाही असं सांगितलंत?”

“तेव्हा ही पद्धत ठाऊक नव्हती गं,” नाना खजील होऊन म्हणाले. “पण तुझ्या लक्षात काय काय आलंय, ते सांग की.”

तिने सांगितलं. थेट रीडिंग येईपर्यंत सांगितलं. एका दमात नव्हे, सावकाश, उदाहरणांसकट. नाना मधूनमधून ‘मध्यम की तीव्र?’ एवढंच विचारत होते आणि ती दर वेळी ‘तीव्र’ म्हणत होती. शेवटी माझा तोल गेला.

“एवढा त्रास होतोय, तर सोडून दे ना मला!”

“असं अचानक बंद नसतं करायचं,” शुभदा शांतपणे म्हणाली. “आधी डॉक्टरांना विचारावं लागतं.”

आणि आमच्या जीपीची अपॉइंटमेंट मिळायला तीन आठवडे लागतात. तोवर तिचा राग निवळतो. लोक इथल्या आरोग्यसेवेच्या नावाने खुशाल बोटं मोडू देत. माझा संसार तिच्याच कृपेवर चालू आहे.