आधी थोरल्यानं उठायचं

हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तेव्हा यारीना बास्केटबॉलच्या फ्री थ्रोच्या रेषेवर उभी होती. तीन सेकंद उरलेले, संघ एका गुणानं मागे आणि दोन फेकी तिच्या वाट्याला. पंचांनी तिच्या हातातून चेंडू घेतला, घड्याळ आहे तिथं थांबवलं आणि दोन्ही संघ, पन्नासेक प्रेक्षक, सगळे निमूट शाळेच्या तळघरात उतरले. युक्रेनमध्ये युद्ध चालू आहे, चेर्कासीत आता याचं कोणाला काही वाटत नाही. धोका टळला की वर यायचं आणि उरलेले तीन सेकंद खेळायचे.

पण आज एकाला घाई होती. लुत्स्कच्या व्यावसायिक क्लबचे प्रशिक्षक आर्सेन बोह्दानोविच खास यारीनाला बघायला आले होते. त्यांच्या संघात एकच जागा उरली होती आणि त्यांची गाडी पावणेसहाची होती. त्यानंतरची थेट उद्या.

तीन वर्षांपूर्वी, चौदाव्या वर्षी, यारीना आईबरोबर बेचिराख झालेल्या बाखमूतहून इथं आली ती एका पिशवीनिशी. पिशवीच्या तळाशी हवा काढून चेपलेला चेंडू. याच शाळेच्या खेळघरात गाद्या टाकून माणसं झोपत होती. तिथं शाळेच्या संघाच्या प्रशिक्षक नेओनिला स्तेपानिवना यांची नजर त्या चेंडूवर पडली. वय पासष्ट, गुडघे कामातून गेलेले, आवाज मात्र शाबूत. "चेंडूबरोबर तुझीही हवा गेली काय गं? आण तो पंप!" त्या दिवसापासून बाईंनी तिला सोडलं नाही. बाप आघाडीवर, आई बेकरीत. पोरीला रागावणारं घरात कोणी नव्हतं, ती कसर बाईंनी भरून काढली.

हात सोन्याचा, पण अटीतटीची वेळ आली की यारीना चेंडू दुसरीकडे ढकलून मोकळी व्हायची. आजही दोनदा तिनं तेच केलं होतं.

पाच वीसला आर्सेन बोह्दानोविचनी पिशवी उचलली. "हात चांगला आहे. पण ऐन वेळी अंग काढून घेते. मला तसली नको."

यारीना चार हातांच्या अंतरावर बसली होती. तिला संताप आला, कारण माणूस खरं बोलत होता.

"दोन फेकी बघितल्याशिवायच निघालात?" बाईंनी विचारलं.

"गाडी थांबणार आहे का माझ्यासाठी?"

"आणि बाहेर भोंगा चालू आहे, तो?"

"स्टेशन पंधरा मिनिटांवर आहे. जाईन चालत."

"बरं बाबा, जा. पण वाटेला लागण्याआधी टेका जरा."

याला नाही म्हणणारा माणूस त्या तळघरात नव्हता. प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी घडीभर गप्प बसायचं, मग थोरल्यानं उठायचं आणि त्याच्यामागून बाकीच्यांनी. आर्सेन बोह्दानोविच बसले. पंच बसले. समोरच्या संघाच्या पोरीही बसल्या.

तिथं सगळ्यांत थोरल्या बाईच. त्या मात्र उठेनात.

एक मिनिट झालं, तीन झाली. बाईंनी डोळे मिटले होते, हात मांडीवर. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, खाकरले. कोपऱ्यातली एक पोरगी हसू दाबता दाबता लाल झाली. पाहुणे अर्धवट उठले, तशी शाळेच्या झाडूवाल्या मावशींनी डोळे असे वटारले की ते परत खाली टेकले. यारीनाचा घाम अंगावर गार झाला. बाई हे काय करताहेत ते तिला कळलं, आणि लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता त्या दोन फेकी चुकल्या तर बाईंना तोंड कुठं दाखवायचं?

पाच पस्तीसला बाईंनी एक डोळा उघडला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि उठल्या. "चला, देव सोबत असो!"

"आता कुठं चला? गाडी गेली माझी!"

"अगंबाई! गुडघे हो, गुडघे. उठवेचना."

साडेसहाला धोका टळला. यारीनाची बोटं गारठून काठीसारखी झाली होती. पहिली फेक कडीला लागून बाहेर गेली. दुसरी आत पडली. बरोबरी झाली, पाच मिनिटं वाढली, आणि त्या पाच मिनिटांत यारीनानं एकदाही चेंडूपासून पळ काढला नाही. दोन चेंडू कडीत टाकले, तीन हुकले. शेवटचाही तिनंच मारला आणि तोही हुकला. तिचा संघ हरला.

आर्सेन बोह्दानोविच रागातच होते. "एक तारखेला ये," ते म्हणाले. "गरम कपडे आण, आमचं खेळघर थंड असतं. आणि या बाईंना इथंच ठेव, नाहीतर माझा संघ कुठल्याही सामन्याला वेळेवर पोचायचा नाही."

एक तारखेला बाई सकाळीच घरी आल्या. हवा काढलेला चेंडू पिशवीच्या तळाशी गेला. आई स्टुलावर, यारीना पिशवीवर आणि बाई खुर्चीत बसल्या. घडी सरली. बाई उठेनात.

आणखी दोन मिनिटं गेली.

"स्तेपानिवना," यारीनाला हसू आवरेना, "आज कोणाची गाडी चुकवायचीय?"

या वेळी बाईंचे डोळे उघडे होते आणि भरून आले होते. हातात पिशवीचा बंद घट्ट धरलेला.

"गुडघे," त्या कशाबशा म्हणाल्या.

यारीनानं आईकडे पाहिलं. आई खाली बघत होती. मग थोरल्याआधी यारीनाच उठली, बाईंच्या काखेत हात घातले आणि त्यांना उभं केलं.