पटक्याखालची पांढरी बट

उमाबाई स्वामी माझ्यावर दोनदाच चिडल्या. एकदा मी सुया उकळायच्या भांड्यात चहा केला म्हणून, आणि दुसऱ्यांदा महानंदाच्या केसपेपरवर जे लिहिलं त्याबद्दल. पहिल्या वेळी त्यांचंच चुकलं, असं मी अजून म्हणतो. भांडं स्वच्छ होतं. दुसऱ्या वेळेबद्दल मात्र मला बोलायला तोंड नाही.

साल शहाऐंशी. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि लोक अजून सवयीनं उस्मानाबादच्या एसटीत बसून मग उतरत होते. पावसानं पुन्हा दगा दिला होता, टँकर दोन-दोन दिवसांआड यायचा. मी हिमायतनगरचा, नवाकोरा एमबीबीएस, औशाच्या अलीकडच्या एका आरोग्य केंद्रात रुजू झालो होतो. उमाबाई तिथल्या नर्स, माहेर कंधारचं. आपल्याच नांदेडकडचा माणूस म्हणून माझी थट्टा करायचा हक्क त्यांनी पहिल्याच दिवशी घेऊन टाकला.

ठेंगण्या, जाड, चष्म्याला दोरी, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. पेशंट आला की त्या आधी काही विचारतच नसत, नुसत्या बघत राहत. डोक्यापासून टाचेपर्यंत, मग सोबत आलेल्यांनाही तसंच. माणसं अवघडून जायची. मला ही सवय अडाणीपणाची वाटायची. पण ती त्यांना बहात्तरच्या दुष्काळात लागली होती. तेव्हा त्या नवीनच नोकरीला होत्या, खडी फोडायच्या कामावर हजार माणसं आणि यांच्याकडे एक कापसाचं बंडल. "औषध नव्हतं, काटा नव्हता, डॉक्टर नव्हता," त्या सांगायच्या. "डोळे आन् हात तेवढे सरकारनं काढून घेतले नव्हते. त्याच्यावरच भागवलं." बाळंतपणात मूल हातात आलं की त्याच्या तळहातावरची रेघ आणि पायाच्या अंगठ्याशेजारची फट बघून, हे मूल उशिरा बसेल, उशिरा बोलेल, हे त्या ओळखायच्या. मी त्याला नशीब म्हणायचो. तेव्हा मी बऱ्याच गोष्टींना नशीब म्हणायचो.

महानंदा तीन वर्षांची. तिला पहिल्यांदा घेऊन आली ती तिची आई, गौरम्मा. पोर बोलत नव्हती, हाक मारली तर येत नव्हती. मी समोर उभा राहून टाळी वाजवली. पोरीनं मान वर करून पाहिलं. ऐकू येतंय, मी ठरवलं. चेंडू मागितला तर दिला नाही. मग मी घराण्याची चौकशी केली. गौरम्मा नवऱ्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. त्या भागात मामाची लेक करून घेणं मानाचं असतं, पण आमच्या पुस्तकात नात्यातल्या लग्नावर अख्खं पान होतं. मला हर्षच झाला.

"तुझ्या नात्यात कुणी मुकं होतं का?"

"आत्याबाईची लेक मुकी व्हती. म्हंजी माझ्या सासूचीच. सिद्धम्मा. लहानपणीच गेली."

"मग तुमच्याकडूनच आलंय," मी म्हणालो आणि केसपेपरवर ठोकून दिलं: मतिमंद, आईवडील नात्यातले. सिद्धम्माला आईसारखा बापही होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पाच वर्षं शिकून मी अर्धंच घर मोजलं होतं.

आठवड्यानं, शनिवारी, सिद्धम्माचा तो बाप, म्हणजे महानंदाचा आजोबा, स्वतः आला. महादेवप्पा, सगळ्यांचे आप्पा, बाजारपेठेतले किराणावाले, पांढरंशुभ्र धोतर, भुवयांपर्यंत घट्ट बांधलेला पटका. मागे त्यांची बायको मल्लम्मा, सून गौरम्मा आणि तिच्या कडेवर महानंदा. मुलगा मन्मथ दुकानातच होता. त्या घरात त्याचं बोलणं फारसं चालत नसे.

"डॉक्टरसायब," आप्पा म्हणाले, "तोंडी सांगितलं तेच कागदावर द्या. आईकडून आलंय म्हणून. सोमवारी हिचा बाप न्यायला येणार हाय. लेकरू बी तिकडंच जाईल. आमाला पोराचं दुसरं बघायचंय."

गौरम्मा जमिनीकडे बघत होती. मल्लम्मा भिंतीकडे. तिच्याच भावाची लेक होती ती. एकदा तरी माझ्या माहेरची पोर या घरात सुखानं नांदू द्या, म्हणून तिनं हट्टानं आणलेली. मी पेन उचललं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे सांगताना आजही लाज वाटते.

"सायब," उमाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "लेकरू बघितलंव का?"

"बघितलं की."

"कुठवर?"

त्यांच्या आवाजावरून मला कळलं की चहाच्या भांड्यापेक्षा प्रकरण मोठं आहे. त्यांनी पोरीला टेबलावर घडीच्या घोंगडीवर बसवलं आणि माझा स्टेथोस्कोप तिच्या हातात दिला. मग मागं जाऊन औषधाच्या कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या उजव्या कानाशी खुळखुळवला. मग डाव्या. पोर स्टेथोस्कोपची नळी शांतपणे चघळत राहिली.

"टाळीचा तुमचा हात दिसला तिला, वारा लागला. आवाज गेला न्हाई आत. आता हात इकडं आणा."

पाण्याच्या टंचाईत गावातल्या निम्म्या लेकरांची डोकी न्हाव्याकडून करून घेतलेली, तसंच महानंदाचंही. उमाबाईंनी माझं बोट त्या खुरट्या केसांवरून फिरवत कपाळाच्या वर आणलं. दोन बोटं रुंद पट्टा, तिथले खुंट पांढरे. खालची कातडीही फिकी. मग त्यांनी दोन डोळ्यांच्या मध्ये अंगठा ठेवला. तरी जागा उरली. आणि ते डोळे, जे मी घारे म्हणून सोडून दिले होते, ते निळे होते, जुन्या औषधाच्या बाटलीसारखे.

हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं. पांढरी बट, निळे डोळे, बहिरेपण, एकाच घरात पिढ्यान् पिढ्या. परीक्षेत मला त्याचे दोन मार्कही मिळाले होते.

उमाबाई तिथं थांबल्या नाहीत. गौरम्माचा भांग विस्कटून पाहिला, डोळे पाहिले. पडद्याआड नेऊन मल्लम्माच्याही डोक्यावरचा पदर सारून पाहिलं. काही नाही. राहिले आप्पा. मी घाबरलो. त्या वयाच्या माणसाला चारचौघांत पटका काढा म्हणणं म्हणजे त्याची अब्रू काढणं.

उमाबाईंनी नुसतं कौतुकानं विचारलं, "आप्पा, पोरीच्या डोक्यावर ही पांढरी बट कुणाच्या घरची हो? मोठी मानाची दिसती."

आप्पांचा चेहरा उजळला. "ती आमची! महादेवाची खूण हाय. आमच्या घरात चालत आलीय. मुकेपण तेवढं सुनेच्या माहेरचं." आणि कुणी न सांगता त्यांनी पटका उलगडून मांडीवर ठेवला. पिकलेल्या करड्या केसांत कपाळावर ठळक चुन्यासारखी बट होती. "बघा. माझ्या बापाला बी व्हती. आत्याला बी."

"आत्या बोलत व्हत्या?"

आप्पांनी महानंदाकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले.

"आन् सिद्धम्माला बट व्हती?"

"व्हती," हे मल्लम्मानं सांगितलं. "डोळे बी असेच व्हते. निळे."

"आप्पा," उमाबाई आता हळू बोलत होत्या, "बट तुमची आन् मुकेपण तिचं, अशी वाटणी होत न्हाई. दोन्ही एकाच गाठोड्यात आलंय. कुणाला बट मिळती, कुणाला डोळे, कुणाचे कान जातात. मन्मथला बघा, दर बाजारी साखर आणायला जाते मी, त्याचे डोळे असेच लांब लांब हायेत. गुन्हा कुणाचाच न्हाई ह्यात, तुमचा बी न्हाई. पर सुनेचा तर मुळीच न्हाई. आन् पोरगी येडी न्हाई. तिला ऐकायला येत न्हाई, म्हणून बोलत न्हाई. लातूरला शाळा हाय अशा लेकरांची."

मी माझ्या केसपेपरवरची ओळ खोडली. उमाबाईंनी ती सगळ्यांसमोर खोडायला लावली आणि खाली नवीन लिहायला लावलं, सहीसकट.

मल्लम्मा उठून उमाबाईंजवळ आली. "उमाक्का, म्हंजी माझी सिद्धम्मा... ती माझ्यामुळं न्हाई?"

"न्हाई अव्वा."

"तिला बी ऐकाया येत नव्हतं?"

"न्हाई."

"मी लई मारलं गं तिला," मल्लम्मा म्हणाली. "हाक मारली तर येत न्हाई म्हणून."

उमाबाईंनी तिला जवळ घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. आप्पा निघाले तेव्हा पटका तसाच हातात होता. भर बाजारातून ते उघड्या डोक्यानं घरी गेले, आणि महानंदा त्यांच्या कडेवर होती.

सोमवारचं मला उमाबाईंनी सांगितलं. गौरम्माचा बाप लेकीला न्यायला आला. तीस वर्षांत आप्पा आपल्या या मेहुण्यासाठी एकदाही जागेवरून उठले नव्हते. टँकर दोन दिवस आला नव्हता आणि घरात एकच घागर भरलेली होती. आप्पांनी ती स्वतः उचलून बाहेर आणली आणि पाहुण्याच्या पायांवर ओतली.