‘टच’ आणि बाबांचा हात

शाळेतल्या मुलींसाठी एक पत्रक मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. मूळ इंग्रजी, विषय टच. कोणता चांगला, कोणता वाईट, नाही कधी म्हणायचं. मी पहिल्याच शब्दावर अडले. ‘स्पर्श’ आमच्याकडे कवितेच्या तासाबाहेर कोणी बोलत नाही. ‘हात लावणं’ म्हटलं की आधीच काही वाईट घडल्यासारखं वाटतं. आणि ‘शिवणं’ मी लिहिणारच नव्हते. ज्यांना विहिरीवरून हाकललं, त्यांच्या अंगावर त्या शब्दाचे वळ अजून आहेत. शेवटी ‘टच’च ठेवला. गडचिरोलीच्या बसस्टँडवर तो सगळ्यांना कळतो. मोबाइलचा टच जातो, बदली झालेले मास्तर ‘टचमध्ये राहा’ म्हणतात, आणि भाषण आवडलं की लोक छातीवर हात ठेवून ‘टच झालं’ सांगतात.

मसुदा घेऊन मी मूल शहराजवळच्या आमच्या गावी गेले. बाबा तलावात मासे धरतात. मला वाचायला त्यांनीच शिकवलं, तेही पत्रकांवर. बाजारात कोणी वाटलेली पत्रकं ते घडी करून खिशातून आणत, त्यांना माशांचा वास असे. ‘कोणापुढे वाकू नका’ हे वाक्य मी बाराखडीसोबतच शिकले. कॉलेजला निघाले तेव्हा ते खरं करून दाखवलं. घरातून परगावी जाताना मोठ्यांच्या पाया पडायची आमची रीत. मी ताठ उभी राहून सांगितलं, आदर मनात आहे, वाकणार नाही. माय चिडली. बाबा नुसते हसले. मला ती शाबासकी वाटली.

त्या संध्याकाळी बाबा सपरीत, घरापुढच्या पडवीत, जाळं सांधत बसले होते. चष्मा लावून त्यांनी मसुदा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: तुम्हाला कोणी टच करायचं, हे तुम्ही ठरवा.

“हे बरोबर लिवलं तू.”

“बापानंही इचारूनच हात लावायचा का?” माय चुलीजवळून म्हणाली.

“इचारूनच. मी कुठी लावतो हिले? नाई चालत तं नाई लावत.”

“मले काय चालत नाई, बाबा?”

“हात,” ते म्हणाले आणि पुढची गाठ ओढली.

“मोठी पुढारी हाये ते,” माय म्हणाली. “तिले टच करायचं असन तं अर्ज द्या लागते.”

बाबा हसले. मला हसता आलं नाही. आमच्या घरात कोणी कोणाला मिठी मारत नाही. मुलगी मोठी झाली की बापाचा हात तिच्यापर्यंत एकाच वाटेनं पोहोचतो: ती पायाशी वाकते आणि तो तिच्या डोक्यावर तळवा ठेवतो. मी वाकणं बंद केलं, तेव्हा हा तळवा माझ्या हिशोबातच नव्हता. त्यांनी मात्र माझ्या न वाकण्याचा अर्थ ‘हिला हात नको’ असा लावला होता आणि इतकी वर्षं तो पाळला होता. माझ्याच तत्त्वाचा मान राखून. मला सांगायचं होतं की तसं नव्हतं. पण तोंड उघडलं असतं तर भाषणच झालं असतं.

सकाळी बसच्या वेळी बाबा तलावावरून नुकतेच आले होते. मी त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले.

“काऊन बसली? बस येऊन राह्यली.”

“डोक्यावर हात ठेवा.”

ते थांबले. “वला हाय हात. वास येईन तुया केसाले.”

“येऊ द्या.”

त्यांनी आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसला, उलटासुलटा करून पाहिला, पुन्हा पुसला. मग माझ्या डोक्यावर ठेवला. इतका हलका, की परवानगी कधी संपेल याचा नेम नसावा. आणि लगेच उचलला.

पत्रक छापून शाळांत गेलं. त्यातली एकही ओळ मला मागे घ्यायची नाही, आणि पाया मी आजही पडत नाही. निघताना फक्त त्यांच्यासमोर खाली बसते. बाबा दर वेळी आधी हात पुसतात.