आबांच्या विहिरीतला फूटव्हॉल्व्ह

पारोळ्याकडच्या आमच्या गावात पोहायला कोणी शिकवत नसे. पाठीला सुका भोपळा बांधायचे आणि विहिरीत ढकलायचे. मीही तसाच शिकलो. पुढे देवपूरच्या कॉलेजात आलो, आमच्या घरातला पहिलाच, आणि शंभर मीटरमध्ये लागोपाठ दोन वर्षं जिल्ह्यात पहिला आलो. हे मी छाती काढून सांगतो, कारण आता दुसरं कोणी सांगत नाही.

तिसऱ्या वर्षी जळगावच्या तलावावर विभागाची निवड होती. तिथून थेट राज्य. फॉर्मवर संस्थेच्या अध्यक्षांची सही लागायची. त्यांना सगळे आबा म्हणत. मागच्या स्नेहसंमेलनात त्यांनीच मला शाल-नारळ दिला होता.

आबांनी फॉर्म वाचला आणि पेपरवेटखाली ठेवला. मग म्हणाले की मळ्यातली मोटार पाणी ओढत नाही, पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गाळात रुतलाय, केळी करपायला लागलीय.

"सालदार उतरायला घाबरतो. तू तर चॅम्पियन. तुला काय अवघड?"

निवड चार दिवसांवर होती. गावाहून माझ्यासाठी भाकरी घेऊन आलेले वडील ऑफिसच्या दाराशी टोपी हातात धरून उभे होते. जिन्यात मी कुरकुर केली, तर म्हणाले, "त्या मोठा माणूस शेतस. नही म्हणू नको."

विहिरीला चार पुरुष पाणी होतं. दोन बुड्यांत गाळ उकरला, तिसऱ्या बुडीत व्हॉल्व्ह सुटला, आणि डाव्या कानात कापड फाटल्यासारखं झालं. वर आलो तेव्हा मोटार सुरू झालेली उजव्याच कानाने ऐकली. आबांनी तिथेच बांधावर सही केली. शब्दाला पक्के होते, तेही सांगतो.

डॉक्टरांनी महिनाभर पाण्यात जाऊ नको म्हणून बजावलं. मी कानात तेलाचा बोळा घालून जळगावला गेलो. पहिले पन्नास मीटर पुढे होतो. भिंतीशी वळलो आणि डोकं असं गरगरलं, की वर कुठे, खाली कुठे, कळेना. हात दोरीवर आपटला. आठांत सातवा आलो.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आबा माइकवर म्हणाले, "आमचा बेडूक विहिरीतच बरा होता." सगळे हसले. मीही हसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

उन्हाळ्यात आबांचा सालदार आमच्या दारात आला. व्हॉल्व्ह पुन्हा रुतला होता. वडील न विचारताच दोर काढायला उठले. मी खाटेवर पुस्तक घेऊन बसलो होतो, बसूनच राहिलो.

"आबांना सांग, त्यांच्या विहिरीत माझा एक कान गेलाय. दुसरा मला लागतो."

वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी बी.ए. झालो. पाण्यात पुन्हा उतरलो नाही.

आबांची केळी त्या वर्षीही चांगली आली, असं ऐकलं.