आंबेखोल, दोन तिकिटं

दाराला बाहेरून नवी कडी बसून आठ दिवस झाले, तरी बनाबाईनं तिला बोट लावलं नव्हतं. सुतार कडी ठोकत होता तेव्हा ती मुद्दाम परसात भांडी घासत बसली आणि एकच कढई तिनं तीनदा घासली. माणसाला कोंडायचं म्हणजे काय, तो काय शेळ्या-मेंढ्यांत मोडतो का, असं ती सुनेला म्हणाली. सून क्रांतीचाही जीव टांगणीलाच लागला होता.

ज्ञानू, बनाबाईचा नवरा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. दोन वर्षांत डोकं हळूहळू कामातून गेलं, पाय मात्र अजून पंचविशीतले. सकाळी चहा घ्यायचा, दोन धोतरं नि तंबाखूची डबी पिशवीत घालायची आणि ‘घरी जातो’ म्हणून चालू लागायचं. घर म्हणजे आंबेखोल. वारणेच्या वरच्या खोऱ्यातलं तीस उंबऱ्यांचं गाव. त्या रानाचं राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा गाव उठलं, आणि कवठे महांकाळच्या अंगाला, कुसळंसुद्धा विचार करून उगवतात अशा माळावर त्यांना वसाहत मिळाली. त्यालाही पंचवीस वर्षं होऊन गेली. ज्ञानूनं आपल्या हातांनी कौलं उतरवली, वासे सुटे केले, दारं ट्रकात घातली. उंबरा तेवढा तिथंच ठेवला, कारण त्याच्या आईनं त्याला कुणाला हात लावू दिला नाही. कौलं, वासे, ट्रक, सगळं ज्ञानू आता विसरला होता. उंबरा लक्षात राहिला होता.

सूर्य बुडतो तिकडं तोंड करून तो सुटायचा. एकदा हायवेवर ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचला. एकदा दोन दिवसांनी तासगावच्या पुढं सापडला, तळपायांची सालटं निघालेली. बनाबाईच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकलेले, पळून धरणार कशी? दारात आडवी उभी राहिली तर तो तिचे खांदे धरून तिला हळूच बाजूला करायचा आणि निघायचा. क्रांती दिवसभर द्राक्षबागेत मजुरीला. लेक लालासाहेब तमिळनाडूत गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या भट्टीपुढं. फोनवर तो आधी रडला आणि मग कडीचं बोलला.

“एक डाव गाव दावू त्यास्नी,” बनाबाई सुनेला म्हणाली. “तितं कायबी न्हाई, नुसतं गवात हाय, ह्ये डोळ्यांनी बघितलं की बसतील गप. न्हाई बसलं तर मग कडी लावू.”

पावसाळा सोडून हंगामात उद्यानाची बस आत जायची. स्वतःची गाडी चालत नव्हती, आणि पायी जायचं तर नावच काढायचं नाही. क्रांतीनं मोबाईलवर तिघांची तिकिटं काढली. फाल्गुनातला आठवडा होता. आदल्या दिवशी एसट्या बदलत बदलत ती तिघं शिराळ्याला भाचीकडं मुक्कामाला आली आणि सकाळी उद्यानाच्या फाटकावर जाऊन उभी राहिली.

फाटकावर पिशव्या तपासल्या. ज्ञानूची तंबाखू आणि काडेपेटी काढून घेतली.

“परत येताना मिळेल, आजोबा,” रखवालदार म्हणाला.

“परत कोण येतंय?” ज्ञानू खुशीत म्हणाला.

रखवालदार हसला. बनाबाईला हसू आलं नाही.

बस हिरवी, खिडक्यांना जाळी. खाकी कपड्यातली एक पोरगी, शिवांजली नावाची, माहिती सांगायला होती. ज्ञानूला तिचा खाकी शर्ट दिसला आणि त्यानं बंडीतून दहाची नोट काढून पुढं धरली. “आंबेखोल, दोन.”

“तिकिटं काढलीत तुमची, आजोबा.”

“आणि मामा, माजं वो?” क्रांतीनं चेष्टेनं विचारलं.

“तू पावनी गं. तुला माघारी जायाचं आसंल.” मग शिवांजलीला म्हणाला, “आंबेखोल आलं की हाळी दे, बाई.”

“देते की,” शिवांजली म्हणाली. बिचारीनं म्हाताऱ्याचं मन राखलं, दुसरं काय.

बस धरणाच्या कडेनं रानात शिरली. “खाली उतरायचं नाही. हात बाहेर काढायचे नाहीत. मोठ्यानं बोलायचं नाही,” शिवांजलीनं बजावलं. पुण्याकडची मंडळी कॅमेरे सरसावून गव्याची वाट बघू लागली. आणि ज्याला स्वतःच्या लेकाचा फोटो ओळखू येत नव्हता, तो ज्ञानू खिडकीला नाक लावून एकेक वळण सांगू लागला. हा उंबराचा ओढा. हितं आपली म्हस घसारली हुती. ही ढोरांची वाट, हिनं गेलं की निम्मं अंतर वाचतं. शिवांजली आपली माहिती थांबवून त्याच्याजवळ येऊन बसली आणि वहीत लिहून घेऊ लागली. दोन वर्षांत नवरा एवढा शहाण्यासारखा बोलला नव्हता, आणि बनाबाई त्याला गावापासून तोडायला घेऊन आली होती.

खिंड ओलांडली आणि सपाटी लागली. पुरुषभर उंचीचं वाळलं गवत आणि मध्ये करवंदीच्या जाळ्या. भिंत नाही, चौथरा नाही. बनाबाईनं मन घट्ट केलं आणि नवऱ्याच्या दंडाला धरलं.

“बगा आता नीट. ह्यो आपला माळ. काय ऱ्हायलंय हितं? कोन ऱ्हातंय? समदं गेलं. आता आपलं घर वसाहतीत हाय, व्हय का न्हाई?”

ज्ञानू बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं मान खाली घातली. क्रांतीनं सासूकडं बघितलं. कडी लावावी लागत नाही आता, असंच दोघींच्या मनात आलं.

बस कासराभर पुढं गेली आणि शिवांजलीनं दिलेला शब्द पाळला. “आजोबा, आंबेखोल आलं बघा!”

रस्त्याच्या कडेला नवाकोरा हिरवा फलक उभा होता, पांढऱ्या ठळक अक्षरांचा. ज्ञानू चौथी शिकलेला. बोटानं हवेत गिरवत त्यानं वाचलं, “आं-बे-खो-ल.” खालची ओळ बारीक होती, गाडीतून उतरू नये अशी. ती काही त्यानं वाचली नाही.

तो बनाबाईकडं वळला. रागावला नव्हता, नवल वाटलं होतं त्याला. “आगं, हाय की! पाटी हाय. तू न्हाई न्हाई म्हनत हुतीस.”

पंचवीस वर्षांत कुणी गावाचं नाव काढलं नाही, आणि आजच सरकारी अक्षरात लिहून ठेवलं होतं. ज्ञानू पिशवी उचलून दाराशी गेला आणि एसटीत थापतात तशी पत्र्यावर थाप मारली. दार उघडेना. मग त्यानं शिवांजलीपुढं, नातीच्या वयाच्या पोरीपुढं, हात जोडले.

“उतरू दे बाई. माजं घर हाय.”

“आजोबा, नाही हो उतरता येत. वाघाचं रान आहे.” पोरगी म्हणाली.

“दोन मिनिटं उतरू द्या की त्यांना,” मागून कुणी म्हणालं. ड्रायव्हर न वळताच म्हणाला, “माजी नोकरी घालवायची हाय व्हय, सायेब? पोटावर पाय येतुया.” तोही खोटं बोलत नव्हता. गाडी कुणीच थांबवू शकत नव्हतं, आणि ती तशीच पुढं गेली. फलक दिसेनासा होईपर्यंत ज्ञानू हात जोडूनच उभा होता.

पुढच्या टेहळणी मनोऱ्यापाशी सगळ्यांनी गवे बघितले. ज्ञानूनं ना पाणी घेतलं ना भाकरी. परतीच्या वाटेवर तो थकून बनाबाईच्या खांद्यावर झोपला. फलक जवळ आला तसा तिनं त्याच्या तोंडावर पदर ओढला, जागा झाला तर दिसू नये म्हणून. आणि मग पहिल्यांदाच तिनं स्वतःसाठी बाहेर बघितलं. सकाळपासून ती नवऱ्याचंच तोंड बघत होती, गाव तिचंही होतं की. गवतामागं घराच्या परसातला फणस उभा होता. तिनं लावलेला. बुंध्याला कोवळ्या फणसाची मुठीएवढी कुयरी लटकली होती. हाताखाली नवऱ्याचा श्वास लागत होता, त्यामुळं तिला हुंदकासुद्धा देता आला नाही.

वसाहतीत आल्यावर तिसऱ्याच दिवशी तो पुन्हा निघाला, आणि यावेळी वाटेत भेटेल त्याला गावाला पाटी असल्याचं सांगत निघाला. संध्याकाळी रेल्वेच्या रुळांमधून चालताना गँगमननं त्याला ओढून काढलं. गाडी यायला थोडाच वेळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांती कामाला निघताना दारात घुटमळली. कडीवर हात ठेवला आणि तिला रडू फुटलं. “आत्या, माज्यानं न्हाई हुईत. त्येनी आत दार बडवत्याल आन् तुमी भाईर बसून ऐकनार?”

“भाईर कोन बसतंय?” बनाबाई म्हणाली. तिनं पाण्याची कळशी उचलली, भाकरीची पाटी घेतली आणि उंबरा ओलांडून आत आली. “लाव आता.”

“आत्या...”

“लाव गं. उशीर हुतुया तुला.”

कडी लागली. क्रांतीची पावलं लांब गेली. ज्ञानू खाटेवर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. दार लागलेलं बघून त्याला बरंच वाटलं, बस सुटायच्या आधी लागतंच ते. बनाबाई त्याच्या शेजारी टेकली.

“बने, कुटवर आलो?”

रोज ती सांगायची, कुठं न्हाई, हितंच हाय आपलं घर. आज तिला तेवढं बळ राहिलं नव्हतं.

“खिंड चढतुया,” ती म्हणाली. “फनसाला कुयऱ्या लागल्याती औंदा. मी बघितल्या.”

ज्ञानूचा चेहरा उजळला. तो पिशवी सावरून उठू लागला, तसा तिनं त्याचा हात धरला.

“बसा. खाली उतरायचं न्हाई,” ती म्हणाली.

त्यानं शहाण्यासारखी मान हलवली आणि खिडकीचा गज धरून तो बाहेरच्या माळाकडं बघत बसला.