ॲलर्जीचा रकाना

सविता आमच्या वाडीची आशा कार्यकर्ती. राजूरच्या बाजारात कुणी पाय मुरगळून बसलं, तरी पिशवी टाकून ही आधी तिकडे धावणार. ‘ॲलर्जी’ हा शब्द तिला मीच दिला. मी इथल्या उपकेंद्राची नर्स. घरोघरच्या तक्त्यात या वर्षी तो नवा रकाना आला होता. “औषधाचं असतं काहीतरी, विचारून लिही,” एवढं बोलून मी माझं काम उरकलं. तिने चार दिवसांत साठ घरं केली. साठही ठिकाणी ‘नाही’. मी खूशच झाले.

मंगळवारी तिने बनुबाईला आणलं. काटा मोडून पाय सुजलेला, पू झालेला. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं होतं. तक्त्यात ‘नाही’ पाहून मी औषध भरलं. सुई टेकणार, तोच बनुबाई म्हणाली, “सविते, हात धर गं. मागं आशीच सुई दिली तर तोंड सुजलं हुतं. श्वास कोंडला. मरता मरता वाचले.”

माझा हात जागच्या जागी थांबला. “मग ही विचारायला आली तेव्हा का नाही सांगितलं?” माझा आवाज चढला होता.

“ही म्हनली, ॲलर्जी हाय का. मला वाटलं, नवा आजार निघाला. करोनात दाराला पाटी लावली हुती, तशी लावतील. म्हनलं, न्हाई बाई.”

सविताचा चेहरा पांढराफटक पडला. मी सिरिंज बाजूला ठेवली, डॉक्टरांना फोन लावला आणि दुसरं औषध लिहून घेतलं. सविताचा राग आला होता, त्याहून जास्त माझा स्वतःचा. ‘बाधतं का’ इतका साधा शब्द आपल्याकडे असताना मी तिला तो कोरडा रकाना हातात दिला होता.

“साठही घरं पुन्हा कर,” मी म्हटलं. “कुठलं औषध बाधलं का, अंगावर गांधी उठल्या का, असं विचार.”

ती जेवायलाही थांबली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली तेव्हा पाच नावांपुढे ‘हो’ लिहिलेलं होतं. पाचव्या नावावर तिने बोट ठेवलं. तिच्या सासूचं नाव.

“हेलन सिस्टर,” ती म्हणाली, “ह्यांना जखमेसाठी आपण उद्या तेच इंजेक्शन देनार हुतो.”